बाळाच्या कानी गाणे

मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचे वादन तान्ह्या मुलास ऐकविले म्हणजे त्याची बुद्धी वाढते, अशी पुष्कळांची समजूत आहे. तिचे मूळ १९९३ सालच्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात आहे. परंतु त्यात तान्ही मुले नव्हतीच. कॉलेजातील ३६ विद्यार्थी होते, आणि दिसून आलेला लाभ पाव तासात ओसरला!

मग अंगाई व्यर्थ काय? मुळीच नाही. आईचा आवाज मूल गर्भातच ऐकू लागते. गाण्यात शब्द लांबतो, यमक पुनःपुन्हा येते, टाळीसरशी एकेक अक्षर सुटे होते. पुढे वाचावयास शिकताना हाच सरावलेला कान त्याच्या उपयोगी पडतो. यास्तव, आईबापहो, आवाज बेसूर म्हणून लाजू नका. ओळखीचे गाणे म्हणताना मध्येच थांबा, आणि पुढला शब्द मुलास उच्चारू द्या.