जुना लॅपटॉप घेतांना

गेल्या जून महिन्यांत आमच्या शाळेंतून दहावी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाचे वडील कांखेंत लॅपटॉप घेऊन मजकडे आले. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज घरींच भरतां यावा म्हणून त्यांनीं तो जुन्या मालाच्या दुकानांतून नुकताच घेतला होता. वरून पाहतां वस्तु अगदीं नवी दिसत होती. झांकणावर चकचकीत काळा पापुद्रा चिकटविलेला, कळफलकाशेजारीं 'आय-सेव्हन' अशी निळी चिठ्ठी, आणि पडद्यावर विंडोज ११. किंमत चौदा हजार रुपये. हे पैसे जमविण्यास त्या गृहस्थांस जवळजवळ दीड वर्ष लागलें होतें. तक्रार एवढीच कीं, यंत्र चालू होईपर्यंत चहा करून पिऊन होत असे, व अर्जास दाखले जोडूं लागलें म्हणजे तें मध्येंच थिजून बसे. मीं आंत तपासून पाहिलें तों प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालच्या सुमाराचा निघाला. त्याच पैशांत थोडीशी भर घातली असती तर याहून सहा वर्षांनीं अलीकडचें यंत्र मिळालें असतें. तेव्हां घासाघीस करण्यांत ते गृहस्थ कमी पडले नव्हते. काय पारखावें हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

पुढील मजकूर अशा घरांसाठीं आहे कीं, जेथें संगणक आठवड्यांतून एकदां-दोनदां उघडला जाईल. प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचा एखादा प्रकल्प, परगांवीं असलेल्या लेकीशीं समोरासमोर बोलणें, फार तर महिन्याचा जमाखर्च. ज्यास चित्रपट जोडावयाचे किंवा मोठे खेळ खेळावयाचे त्याची वाट निराळी. क्वचित् लागणाऱ्या वस्तूवर नव्या यंत्राचा पैसा घालणें बहुतेकांस परवडत नाहीं, व घालण्याचें कारणही नाहीं. परंतु 'क्वचितच लागतो, मग कसाही चालेल' हा समज मात्र घातक होय. जो लॅपटॉप महिन्यांतून चार वेळां उघडावयाचा, त्यानें त्या चार वेळां दगा देतां कामा नये. अर्जाची शेवटची तारीख कोणाच्या यंत्रासाठीं थांबत नाहीं.

बाजारांत या मालास 'रिफर्बिश्ड' म्हणतात. मराठींत आपण 'दुरुस्त करून सज्ज केलेला' म्हणूं. या एका शब्दाआड पुष्कळ कांहीं लपतें. एक विक्रेता यंत्र उघडून धूळ काढतो, पंखा साफ करतो, थकलेली बॅटरी बदलतो आणि कांहीं महिन्यांची लेखी हमी देतो. दुसरा नुसता पुसून, वर नवा पापुद्रा लावून तोच शब्द उच्चारतो. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' अशी जी प्रतवारी सांगतात तीही बहुधा बाह्य रूपाचीच असते. शमुवेल इशायाच्या घरीं राजा निवडण्यास गेला, तेव्हां थोरल्या अलीयाबाची उंची पाहून प्रथम तोसुद्धां भुलला होता. मग दुकानांतील दिव्यांच्या झगमगाटांत आपण भुललों तर नवल कसलें? माझें मत विचाराल तर काटकसर करणाऱ्यानें मुद्दाम ओरखडे पडलेला 'बी ग्रेड'चा माल मागावा. झांकणावरील ओरखड्यानें अर्ज अडत नाहीं, आणि किंमत मात्र उतरते.

हा माल येतो कोठून, हें समजलें म्हणजे निवड निम्मी सोपी होते. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गास दिलेले लॅपटॉप साधारणपणें तीन ते पांच वर्षांनीं एकगठ्ठा बदलतात. ते व्यापाऱ्यांच्या हातीं पडतात, आणि दिल्लीचें नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड अशा पेठांतून फिरत फिरत आपल्या तालुक्याच्या गांवीं पोंचतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड व एचपीचे एलिटबुक हीं नांवें या पेठांत वारंवार ऐकूं येतात तीं यामुळेंच. हीं यंत्रें कचेरीच्या रोजच्या राबणुकीसाठीं बांधलेलीं असल्यामुळें त्यांच्या बिजागऱ्या व कळफलक दणकट असतात. सुटे भाग पुष्कळ मिळतात. आणि तीं उघडावीं कशीं याचीं सचित्र पुस्तकें कंपन्यांनींच सर्वांसाठीं खुलीं ठेविलेलीं आहेत. घरगुती म्हणून विकलेल्या स्वस्त लॅपटॉपापेक्षां, त्याच किंमतीचा, दोन वर्षांनीं अधिक जुना असा कचेरींतील लॅपटॉप मी डोळे झांकून पसंत करीन.

अर्थात् डोळे झांकून हें बोलण्यापुरतें. खरी पारख येथूनच सुरू होते. जुन्या यंत्राचे कांहीं अवयव थोडक्या पैशांत बदलतां येतात, व कांहीं मुळींच येत नाहींत, किंवा बदलावयाचे म्हटलें तर निम्मी किंमत खातात. बॅटरी, माहिती सांठविणारी डिस्क, आणि जेथें खांचा असतील तेथें रॅम, हे पहिल्या वर्गांतले. प्रोसेसर, मदरबोर्ड, पडदा व बिजागऱ्या हे दुसऱ्या वर्गांतले. गिऱ्हाइक बहुधा उलट वागतें. बॅटरी तासभरच टिकते म्हणून चांगलें यंत्र नाकारतें, आणि डिस्क मोठी आहे म्हणून म्हातारा प्रोसेसर घरीं आणतें.

प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपांत बोर्डावरच डाखलेला असतो. जो आला तो जन्माचा. त्याचें वय त्याच्या नांवांतच लिहिलेलें असतें. इंटेलच्या 'आय५-८२५०यू' या नांवांत जोडरेघेनंतरचा ८ हा आंकडा आठवी पिढी दर्शवितो. 'आय५-१०२१०यू' असे पांच आंकडे असल्यास पहिले दोन घ्यावे, म्हणजे दहावी पिढी. चार आंकडे असून आरंभीं १ असला तरी पहिले दोनच घ्यावे. 'आय-सेव्हन' म्हणजे 'आय-फाइव्ह'हून श्रेष्ठ, हें एका पिढीच्या आंतच खरें आहे. २०१२ सालच्या 'आय७-३५२०एम'मध्यें दोन गाभे होते. २०१७ सालीं निघालेल्या 'आय५-८२५०यू'मध्यें चार आहेत, आणि तो वीजही कमी खातो. आमच्या त्या गृहस्थांनीं निळ्या चिठ्ठीवरील सात या आंकड्याचे पैसे मोजले होते.

आठव्या पिढीवर मी भर देतों त्यास आणखी एक कारण आहे. विंडोज १०ची नेहमींची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. विंडोज ११ हें, थोडे अपवाद सोडल्यास, इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचाच प्रोसेसर रीतसर स्वीकारतें. शिवाय टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय यंत्रांत असावी लागते. ही अट चुकवून जुन्या यंत्रांतही विंडोज ११ घुसवितां येतें, व कित्येक दुकानदार तसें करून देतात. मात्र अशा यंत्रांस पुढील सुधारणा मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाहीं. ज्या लॅपटॉपावरून बँकेचा व्यवहार व्हावयाचा, त्याला हें दुखणें नको. तेव्हां पडद्यावर विंडोज ११ दिसतें, एवढ्यानें यंत्राचें वय ठरवूं नये. प्रोसेसराचें नांव पाहावें, आणि पाठीवरील अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून मूळ हमी कधीं सुरू झाली तें वाचावें. हें काम दुकानांत उभ्याउभ्या भ्रमणध्वनीवर पांच मिनिटांत होतें.

रॅम आठ जीबी असावी. चार जीबीवर आजकालचीं संकेतस्थळें रडतखडत चालतात. रॅम वाढविण्याची खांच आहे कीं ती बोर्डावरच डाखलेली आहे, हें विचारून घ्यावें. थिंकपॅड टी४८०मध्यें दोन खांचा आहेत; त्याच घराण्यांतील सडपातळ एक्स२८०मध्यें एकही नाहीं. डिस्क मात्र एसएसडीच हवी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क हेंच मंद यंत्राचें सर्वांत सामान्य कारण आहे, व २५६ जीबीची एसएसडी या कामास भरपूर होते.

दुकानांत अर्धा तास मागून घ्यावा. देण्यास जो कांकूं करील त्याच्याकडून घेऊंच नये. कोरें पान उघडून प्रत्येक कळ एकदां दाबावी. पांढरा पडदा भरवून डाग पाहावे, मग बाजूला सरून पाहावें. कचेरींतील कित्येक यंत्रांत हलके पडदे असतात व तिरपें पाहिलें कीं अक्षरें फिकीं पडतात. १३६६ गुणिले ७६८चा पडदा टाळून १९२० गुणिले १०८०चा मागावा. लांबलचक अर्ज वाचतांना तो डोळ्यांस सुख देतो. झांकण दहा वेळां उघडून मिटावें. चार्जरची पीन किंचित् हलवून वीज तुटते काय तें पाहावें. आपला पेन ड्राइव्ह प्रत्येक छिद्रांत घालावा, आपल्याच भ्रमणध्वनीवरून इंटरनेट जोडावें, कॅमेरा सुरू करावा, आणि एखादी चित्रफीत पाव तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा. बॅटरीसाठीं विंडोजमध्यें 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा आहे. तिच्या साहाय्यानें बॅटरीचा लेखी अहवाल निघतो. मूळ क्षमता ५०,००० मिलीवॅट-तास व आजची ३०,००० असेल, तर शंभरांतील साठ उरले. घरीं वीज असतां तेवढ्यावर भागतें. हा आंकडा भाव उतरविण्यास उपयोगीं पडतो. परंतु बॅटरी फुगून खालची बाजू किंवा स्पर्शफलक उचलला गेला असेल, तर तें यंत्र तसेंच ठेवून बाहेर पडावें. फुगलेली बॅटरी पेट घेऊं शकते.

एक फसगत अर्ध्या तासांतही ध्यानांत येत नाहीं, ती कुलुपांची. यंत्र सुरू होतांना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२ व एचपीवर एफ१० दाबलें असतां मूळ व्यवस्थेचें पान उघडतें. तेथें परवलीचा शब्द मागितला गेला आणि दुकानदारास तो ठाऊक नसला, तर घेऊं नये. कांहीं थिंकपॅडमध्यें तो विसरल्यास बोर्ड बदलण्यापर्यंत पाळी येते. कित्येक लॅपटॉप पूर्वीच्या कंपनीच्या नांवें दूरस्थ नोंदलेले राहतात. ते आज सुरळीत चालतात, परंतु विंडोज नव्यानें घातलें कीं त्या कंपनीचें खातें मागूं लागतात. यास्तव विक्रेत्याकडून विंडोज आपल्यासमोर पूर्ववत् करून घ्यावें, आणि पावतीवर अनुक्रमांक लिहवून घ्यावा. पावती न देणाऱ्याकडील माल कोठून आला हें देवच जाणे.

फुकट घातलेल्या चोरीच्या 'ऑफिस'विषयींही हेंच म्हणतां येईल. लिबरऑफिस हें विनामूल्य असून राजरोस आहे, व अर्ज-निबंधांस तें पुरतें. ज्यांच्या घरीं आठव्या पिढीच्या मागील यंत्र आधींच आहे त्यांनीं तें फेंकूं नये; त्यांत एसएसडी बसवून लिनक्स मिंट घालावें. आरंभीं थोडें बिचकावयास होतें, एवढेंच.

क्वचित् वापराच्या यंत्रास घरीं आणल्यावर एक पथ्य लागतें. दोन महिने मिटून ठेविलेला लॅपटॉप उघडला म्हणजे पहिला तासभर सांचलेल्या सुधारणाच उतरवून घेत बसतो, आणि लोक म्हणतात यंत्र मंद झालें. पंधरवड्यांतून एकदां, कामाच्या दिवशीं नव्हे, तो उघडून ठेवावा. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवूं नये. निम्मी भरलेली, उन्हापासून दूर अशी ती अधिक टिकते. जुन्या यंत्रांत घड्याळासाठीं एक बटणासारखा सेल असतो. तो संपला कीं तारीख मागें जाते, व सुरक्षित संकेतस्थळें उघडेनाशीं होतात. इंटरनेट बिघडलें असें समजून माणसें दिवस घालवितात. उपाय मात्र तारीख नीट करणें व अल्प किंमतीचा सेल बदलणें एवढाच असतो.

त्या गृहस्थांचें यंत्र दुकानदारानें परत घेतलें नाहीं. पावतीवर अनुक्रमांकच नव्हता. आम्हीं त्यांत एसएसडी बसविली व लिनक्स घातलें. आतां तें मिनिटभराच्या आंत सुरू होतें, आणि मुलाची धाकटी बहीण त्यावर निबंध लिहिते. मुलाचा प्रवेश-अर्ज मात्र त्या आठवड्यांत गांवांतल्या सायबर कॅफेंतूनच भरावा लागला.