मूतखडा : ओळख व उपचार
(उपदेशक बंधूंसाठी पाठ. वाचन : यशया ३८)

हिज्कीया राजा मरणोन्मुख असता देवाने त्याची प्रार्थना ऐकली. तथापि यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितलेच. प्रार्थना व औषध यांत वैर नाही, हे ध्यानात धरून पुढील मजकूर वाचावा.

लातूर व नांदेड या जिल्ह्यांत उन्हाळा आला की हे दुखणे वाढते. घामावाटे पाणी जाते, तितके पोटात येत नाही. मग लघवी घट्ट होऊन तिच्यातील क्षार जमतात व खडा बनतो. २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे पुष्कळांस स्मरत असेल. शिवाय शेतावर आडोसा नसल्यामुळे आपल्या भगिनी दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. याची लाज साऱ्या गावास वाटली पाहिजे.

कुशीत एकाएकी कळ उठून जांघेकडे उतरणे, ओकारी, लघवीत रक्त किंवा जळजळ, ही लक्षणे होत. मिरजेचा मिशन दवाखाना डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उघडला तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. मूत्राशयातील खडा धातूची सळई आत घालून चाचपावा लागे. आज लघवीची तपासणी व सोनोग्राफी यांनी बहुधा निदान होते. न झाल्यास सीटी स्कॅन करितात.

पाच मिलिमीटरहून लहान खडा पुष्कळदा आपोआप पडतो. मोठा असल्यास ध्वनिलहरींनी फोडितात, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काढितात, अथवा पाठीस लहान छिद्र पाडून काढितात. तोंडाने खडा ओढून दाखविणारे लोक बाजारात बसतात. त्यांचा खडा आधीच गालात असतो.

आता मुख्य गोष्ट. कळ थांबली म्हणजे खडा गेलाच असे नव्हे. तो मूत्रनळीत मुकाट्याने अडकून राहतो, आणि वेदनेवाचून मूत्रपिंड निकामी होते. आपल्या मंडळ्यांत दुखणे थांबताच साक्ष दिली जाते, उपकारार्पण होते, व पुन्हा तपासणीस कोणी जात नाही. उपकार अवश्य मानावे; परंतु उपदेशकाने त्या माणसास दुसऱ्या सोनोग्राफीस स्वतः घेऊन जावे. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता नांदेडास विष्णुपुरीच्या अथवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर असावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो काय, हे आरोग्यमित्रास विचारावे.

एकदा झालेला खडा पुन्हा होण्याचा संभव असतो. म्हणून लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी मात्र डॉक्टरांस विचारून. मीठ कमी करावे, लिंबू घ्यावे. दूध सोडावे हा समज चुकीचा आहे. कळ असेपर्यंत लघवी फडक्यातून गाळावी, आणि खडा सापडल्यास कागदात बांधून डॉक्टरांकडे न्यावा; तो कशाचा बनला हे तपासून पुढील पथ्य ठरविता येते.