नाक व सायनसचे विकार आणि अर्बुदे : सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने एक अभ्यास

हृदयविकार, मधुमेह, क्षयरोग यांची चर्चा आरोग्यविषयक धोरणांत नेहमी होते. नाकाचे विकार मात्र 'साधे पडसे' या दोन शब्दांत निकाली निघतात. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस पसरला, तेव्हा नाकातून सुरू होणारा रोग डोळा आणि प्राण हिरावून घेऊ शकतो, हे देशाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले. नाक हे शरीराचे हवेकडे उघडणारे दार आहे. त्यामुळे आपण श्वासातून घेतो ती हवा, ज्या पाण्यात स्नान करतो ते पाणी आणि ज्या धुळीत काम करतो ती धूळ या सर्वांचे परिणाम नाकावर उमटतात. या विकारांचा अभ्यास म्हणूनच वैद्यकशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही. राहणीमान, श्रम आणि आरोग्यसेवा यांच्या परस्परसंबंधांचाही तो अभ्यास ठरतो.

रचना आणि कार्य

नाकाभोवतीच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या आहेत : गालाच्या हाडातील मॅक्सिलरी, कपाळातील फ्रंटल, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागातील एथमॉइड आणि कवटीच्या तळाशी खोलवर असलेली स्फिनॉइड. यांपैकी मॅक्सिलरी सायनस सर्वांत मोठी असते आणि वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला अगदी लागून असतात. किडलेल्या दाढेमुळे एका बाजूची सायनस सुजते, ती याच कारणाने.

पोकळ्यांच्या आतील अस्तरावर श्लेष्माचा पातळ थर आणि सूक्ष्म केसल असतात. केसलांच्या लयबद्ध हालचालीमुळे धूळ व जंतू श्लेष्मासह घशाकडे वाहून नेले जातात. या पोकळ्यांची नाकात उघडणारी छिद्रे अरुंद असतात. सूज, ॲलर्जी किंवा अर्बुद यांमुळे ती बंद झाली की श्लेष्मा साचतो आणि रोगाची सुरुवात होते. डोळ्याची खोबण व मेंदू यांच्यापासून सायनस केवळ पातळ अस्थिपटलांनी वेगळ्या झालेल्या असतात. नाकातील रोग तिकडे सहज पोचतो, तो यामुळेच.

सायनसची सूज

सायनसची तीव्र सूज बहुधा विषाणूजन्य सर्दीनंतर येते आणि बहुतेक रुग्णांत प्रतिजैविकांशिवाय बरी होते. तरीही अशा रुग्णांना प्रतिजैविके सर्रास दिली जातात. यातून जंतूंमध्ये औषधरोध वाढतो. या प्रश्नावर भारताने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला होता. सूज १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला दीर्घकालीन म्हणतात. तिच्यामागे ॲलर्जी, दमा, तंबाखूचा धूर, चुलीचा धूर व नाकातील कोंब अशी कारणे असू शकतात. चुलीच्या धुराचा विचार करता १ मे २०१६ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री उज्ज्वला योजना श्वसनमार्गाच्या आरोग्याशीही जोडलेली आहे, हे अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.

नाकातील साधे कोंब सामान्यतः दोन्ही बाजूंना असतात. कोंब एकाच बाजूला असेल, तर त्याचा तुकडा तपासल्याशिवाय तो साधा आहे असे गृहीत धरू नये. या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक नियम होय.

तलाव आणि नाक : ऱ्हायनोस्पोरिडिओसिस

भारत व श्रीलंका या देशांत विशेषत्वाने आढळणारा हा रोग आहे. ग्वियेर्मो सीबर यांनी १९०० मध्ये अर्जेंटिनात त्याचे वर्णन केले. मात्र जगातील बहुसंख्य रुग्ण दक्षिण आशियातच दिसतात. भारतात केरळ, तामिळनाडू, छत्तीसगड, ओडिशा व पश्चिम बंगाल येथून त्याची नोंद वारंवार होते. नाकात लालसर, मऊ वाढ होते. तिच्यावर पांढरे ठिपके दिसत असल्याने तिची तुलना स्ट्रॉबेरीच्या फळाशी केली जाते. नाक चोंदणे व घोळणा फुटणे ही मुख्य लक्षणे होत.

या रोगाचा कारक जीव दीर्घकाळ बुरशी समजला जात होता. १९९९ मधील रेणवीय अभ्यासाने तो प्राणी व बुरशी यांच्या सीमारेषेवरील सूक्ष्मजीवांच्या एका वेगळ्या गटातील असल्याचे दाखवले. गुरे व माणसे एकत्र उतरतात अशा साचलेल्या पाण्यात स्नान करणाऱ्यांमध्ये हा रोग अधिक आढळतो. नदीपात्रात बुडी मारून वाळू काढणाऱ्या मजुरांमध्येही तो दिसला आहे. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही. वाढ मुळासकट काढून तिची बैठक डागणे हा त्यावरील मुख्य उपचार असून, तो पुन्हा होऊ नये म्हणून डॅप्सोन हे औषध दिले जाते. असे असूनही तो उलटू शकतो, कारण रुग्ण बरा होऊन त्याच पाण्यात परत जातो. स्नानासाठी घरी स्वच्छ पाणी मिळणे हाच येथे खरा प्रतिबंध आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनकडे या अंगानेही पाहता येते.

म्युकरमायकोसिस : २०२१ चा धडा

म्युकर वर्गातील बुरशीचे बीजाणू माती, कुजलेला पाला व शेणखत यांत सर्वत्र असतात. निरोगी माणसाला त्यांपासून सहसा अपाय होत नाही. अनियंत्रित मधुमेह, विशेषतः रक्तातील आम्लता वाढलेली अवस्था, आणि स्टेरॉइडांमुळे क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांचा लाभ घेऊन ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते. वाहिन्या गोठतात, ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या मृत होऊन काळ्या पडतात. 'काळी बुरशी' हे नाव रूढ झाले असले, तरी काळेपणा बुरशीचा नसून मृत ऊतींचा असतो.

मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना हा आजार साथरोग अधिनियम, १८९७ अंतर्गत अधिसूचनीय घोषित करण्यास सांगितले. २८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार देशात ४०,८४५ रुग्ण व ३,१२९ मृत्यू नोंदले गेले होते. रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना स्टेरॉइडे दिली गेली होती. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत रुग्णसंख्या सर्वाधिक होती. ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा निर्माण झाला आणि जून २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने त्यावरील कर काही काळापुरता शून्यावर आणला.

औषध मिळाले तरी मृत ऊती शस्त्रक्रियेने काढाव्याच लागतात. अनेकांना त्यात वरचा जबडा किंवा डोळा गमवावा लागला. गालाला बधिरता, नाकातून काळपट स्राव, एका डोळ्याची सूज ही प्रारंभीची लक्षणे ओळखली गेली, तेथे हानी कमी झाली. या साथीचे मूळ दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या मधुमेहात होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे २०२१ ची घटना केवळ इतिहासजमा समजता येत नाही.

अर्बुदे : सौम्य आणि कर्करोगी

सौम्य अर्बुदांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. 'इन्व्हर्टेड पॅपिलोमा' बहुधा एकाच बाजूला होतो, काढल्यावर पुन्हा उद्भवू शकतो आणि काही रुग्णांत त्याचे रूपांतर कर्करोगात होते. म्हणून तो संपूर्ण काढणे व नंतर अनेक वर्षे तपासणी करत राहणे आवश्यक असते. 'अँजिओफायब्रोमा' जवळजवळ केवळ किशोरवयीन मुलांत, म्हणजे मुलग्यांत, आढळतो. नाक चोंदणे व वारंवार घोळणा फुटणे ही त्याची लक्षणे. तो रक्तवाहिन्यांनी भरलेला असल्यामुळे त्याचा तुकडा घाईने काढल्यास प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. त्याचे निदान प्रामुख्याने सीटी व एमआरआय तपासणीने करतात.

नाक व सायनसचा कर्करोग विरळ आहे. एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी भरते. मात्र तो बहुधा उशिरा सापडतो, कारण पोकळीत वाढणारी गाठ भिंत ओलांडेपर्यंत सर्दीसारखीच लक्षणे देते. गालावर सूज, वरच्या दाढा हलणे, कवळी अचानक न बसणे, एक डोळा पुढे येणे ही लक्षणे दिसतात, तेव्हा रोग पुष्कळ पसरलेला असतो.

या कर्करोगाच्या कारणमीमांसेत व्यवसायाला मोठे स्थान आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कारागिरांत एथमॉइड भागातील ग्रंथिजन्य कर्करोगाचे असाधारण प्रमाण डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे पादत्राणे बनवणाऱ्या कामगारांतही असेच आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला. चामड्याची धूळही आज त्याच गटात आहे. धुळीशी संपर्क आल्यापासून रोग दिसेपर्यंत अनेकदा तीन ते चार दशके जातात. आजाराचे कारण म्हणून कामाची आठवण रुग्णालाही राहत नाही आणि डॉक्टरही ती विचारत नाहीत.

भारतात सुतारकाम व चर्मकाम मुख्यतः घरगुती किंवा लहान कार्यशाळांत चालते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विहित कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. परंतु संहितेतील आस्थापनेची व्याख्या सर्वसाधारणपणे १० कामगारांपासून सुरू होते. एकट्याने रंधा मारणारा सुतार तिच्या कक्षेबाहेर राहण्याची शक्यता मोठी आहे. धूळ शोषणारी यंत्रे, ओलसर पद्धतीने झाडलोट व योग्य मुखपट्टी हे उपाय त्याच्यापर्यंत पोचवणे हे धोरणापुढील खरे आव्हान आहे.

नाकाच्या मागील बाजूस असलेल्या नासाग्रसनीचा कर्करोग देशात अन्यत्र दुर्मिळ असला, तरी नागालँडमध्ये त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. एपस्टाइन-बार विषाणू, आनुवंशिकता, धुरावर सुकवलेले मांस व धुराने कोंदलेली घरे यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. मानेत गाठ येणे किंवा प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात पाणी साचणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. हा कर्करोग किरणोपचाराला चांगला प्रतिसाद देतो. म्हणून वेळेवर निदान येथे विशेष मोलाचे ठरते.

धोरणात्मक विचार

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या चाळणी तपासणीवर भर आहे. नाकाचा कर्करोग विरळ असल्याने त्यासाठी सार्वत्रिक चाळणी व्यवहार्य नाही. त्याचे लवकर निदान लक्षणांच्या जाणिवेवरच अवलंबून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांत कान, नाक व घसा यांच्या प्राथमिक उपचारांचा समावेश आहे. तेथील कर्मचाऱ्यांना एक सोपा नियम शिकवता येईल : एकाच बाजूने नाक चोंदणे, एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव किंवा गालाची बधिरता तीन आठवडे टिकल्यास रुग्णाला दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुढे पाठवावे. २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. पण या संरक्षणाचा पुरेपूर लाभ रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोचला तरच होतो.

तलावाचे पाणी, रक्तातील साखर, लाकडाची धूळ आणि चुलीचा धूर हे चार भिन्न विषय दिसतात. नाकाच्या विकारांत ते एकत्र येतात. यांपैकी एकही रुग्णालयाच्या आत सुरू होत नाही. शस्त्रक्रिया रुग्णाला वाचवते. रोग्यांची संख्या कमी करण्याचे काम मात्र पाणीपुरवठा, मधुमेह नियंत्रण व कामगार आरोग्य यांनाच करावे लागेल.

सरावासाठी प्रश्न

१. म्युकरमायकोसिसची २०२१ मधील साथ ही मधुमेह नियंत्रणातील उणिवांचे फलित होती, या विधानाची चर्चा करा.
२. असंघटित क्षेत्रातील कामगारांच्या व्यावसायिक कर्करोगाचे निदान का लांबते? उपाय सुचवा.
३. ऱ्हायनोस्पोरिडिओसिसच्या प्रतिबंधात पाणीपुरवठ्याचे महत्त्व स्पष्ट करा.