घरच्या कोंबडीचे झटपट नूडल्स सूप

पावसाळा लागला की घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो. दिवसभर शेतात भिजलेल्या माणसाला भाकरी नको वाटते. काहीतरी गरम व पातळ पोटात जावे असे वाटते. अशा वेळी नूडल्सचे पाकीट फोडले की दोन मिनिटांत काम होते. पण त्यात एक धोका आहे, तो आम्ही अनुभवाने शिकलो.

आमच्या घरी आजी तापातून उठली होती. तोंडाला चव नाही म्हणून आम्ही तिला आठवडाभर रोज पाकिटातला सगळा मसाला घालून नूडल्स दिल्या. ती आवडीने खाई. पण तिला रक्तदाबाचा जुना विकार. पाय सुजले, रक्तदाब चढला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या आधी जेवणाची चौकशी केली आणि रिकामे पाकीट मागवून त्यावरचे बारीक अक्षर आम्हाला वाचायला लावले. तेव्हापासून आमच्या घरी हे सूप वेगळ्या रीतीने होते.

हा पदार्थ जपानचा. तेथे गव्हाच्या लांब शेवया कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांच्या रश्शात घालून खातात. त्याला रामेन म्हणतात. रस्सा कित्येक तास उकळावा लागतो. १९५८ साली ओसाकाजवळील इकेदा येथे मोमोफुकू आंदो यांनी घरामागच्या खोपटात खटपट करून झटपट रामेन तयार केले. शिजलेल्या शेवया तेलात तळल्या की त्यांतले पाणी उडून बारीक छिद्रे राहतात; उकळते पाणी त्या छिद्रांत शिरले की शेवया पुन्हा मऊ होतात. त्यांचे पहिले पाकीट कोंबडीच्या चवीचे होते. आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांत मात्र मुख्यतः मैदा, तेल, मीठ व मसालाच असतो. म्हणून कोंबडी, अंडे व भाजी आपण घरची घालावी.

साहित्य (चार माणसांसाठी) : हाडांसह कोंबडी पाव किलो (मान व पाय असल्यास उत्तम), नूडल्सची दोन पाकिटे, एक कांदा, एक गाजर, वाटीभर चिरलेला कोबी, आल्याचा तुकडा, चार-पाच लसूण पाकळ्या, मिरपूड, दोन उकडलेली अंडी, कांद्याची पात, लिंबू.

कृती : कोंबडी, कांदा, ठेचलेले आले-लसूण व दीड लिटर पाणी कुकरमध्ये घालावे. मीठ घालू नये. ब्रॉयलरला तीन-चार शिट्ट्या पुरतात. अंडी देणे थांबलेल्या गावठी कोंबडीला सात-आठ लागतात, पण तिचा रस्सा अधिक चविष्ट होतो. मांस हाडापासून सुटले पाहिजे. ते सोडवून बारीक करावे, हाडे काढून टाकावीत आणि वर आलेली चरबी पळीने काढावी. रश्शात गाजर व कोबी पाच मिनिटे उकळावा. नूडल्स वेगळ्या पाण्यात दोन मिनिटे शिजवून ते पाणी ओतून द्यावे. वाडग्यात नूडल्स, वर मांस, अर्धे अंडे व पात घालून उकळता रस्सा ओतावा. मिरपूड व लिंबू चवीप्रमाणे. नूडल्स आधीच रश्शात टाकून ठेवल्या तर फुगून लगदा होतो. पाकीट नसल्यास घरच्या गव्हाच्या शेवया चालतात.

मिठाचा हिशेब : मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. म्हणून दोन पाकिटांतला एकाच पाकिटाचा मसाला वापरावा, तोही वाडग्यात शेवटी. रक्तदाबाच्या रोग्याला मसाला मुळीच घालू नये. लिंबू-मिरपुडीने चव येते.

स्वच्छता : कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर व भाजीवर पसरतात. ते जंतू शिजवण्याने मरतात. सुरी, पाट व हात साबणाने धुवावेत. रोगट किंवा आपोआप मेलेली कोंबडी कधीही कापू नये. २००६ साली नवापूरला आलेली बर्ड फ्लूची साथ आठवावी. अशी मर लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा व पुन्हा चांगला उकळून घ्यावा. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच करावा.

या सुपाने ताप उतरत नाही. पण चोंदलेले नाक मोकळे वाटते, अंगात पाणी जाते आणि अशक्त माणसाच्या पोटात चार घास सकस अन्न पडते. ताप तीन दिवसांवर राहिला तर वाडगा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आमची आजी आजही हे सूप मागून घेते. मसाल्याची पुडी मात्र आम्ही तिच्या नजरेआड ठेवतो.