धाकट्याला झुकतं माप

प्रश्न : वडिलांनी प्रवरेच्या पाटाखालची बागायत धाकट्याला दिली, मला जिरायत. त्याचा ऊस पाहिला की पोटात जळतं. मी बायबलमधल्या योसेफाच्या भावांसारखाच का?
– एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : नाही. त्या घरातली असूया बापाच्या, याकोबाच्या पक्षपातातून उगवली, हे उत्पत्तीचा 37वा अध्याय लपवत नाही. तुमचं दुखणंही खरं आहे. योसेफाला चांदीच्या वीस तुकड्यांना विकलं गेलं, ती कल्पना त्याच्या भावाची, यहूदाची. पुढे मिसरात योसेफानं धाकट्या बन्यामिनाला पाचपट वाढलं, तेव्हा सगळे आनंदानं जेवले. आणि बन्यामिनाऐवजी गुलाम व्हायला तोच यहूदा पुढे झाला. बापाची आवडनिवड तेव्हाही बदललेली नव्हती! जमीन वडिलोपार्जित असेल तर हिस्सा कायद्यानंही मागता येतो. तो वडिलांकडे मागा. भावाच्या बांधावर जाणं मात्र थांबवू नका.