शब्दाचा अर्थ शब्दाच्या शेजारी

वाचता वाचता मूल एखाद्या अनोळखी शब्दापाशी अडते आणि विचारते, "अम्मी, याचा अर्थ काय?" बहुधा आपण अर्थ सांगून मोकळे होतो. मुलाला एक शब्द मिळतो. परंतु पुढच्या शब्दापाशी ते पुन्हा तसेच अडते. म्हणून पालकहो, अर्थ सांगण्याआधी त्याला अर्थ शोधण्याची रीत शिकवा.

ही रीत दिव्य कुरआनच्या शैलीतही आढळते. सूरह अत्-तारिकच्या (८६) प्रारंभी 'तारिक'ची शपथ आहे. रात्री येणाऱ्याला अरबीत तारिक म्हणतात. मग येथे तारिक म्हणजे काय? दुसरी आयत हाच प्रश्न श्रोत्यापुढे ठेवते आणि तिसरी आयत उलगडा करते, की तो एक तेजस्वी तारा आहे. सूरह अल्-मआरिजमध्ये (७०:१९-२१) मनुष्याला 'हलूअ' म्हटले आहे. हा शब्द कुरआनमध्ये याच एका ठिकाणी येतो आणि त्याचे स्पष्टीकरण लगेच पुढच्या दोन आयतींत मिळते : संकट आले की माणूस हवालदिल होतो आणि सुबत्ता आली की हात आखडता घेतो.

घरी याचा सराव मराठी वाक्यांपासून सुरू करावा. उदाहरणार्थ, "विहिरी आटल्या, नदी कोरडी पडली आणि गुरे पाण्यावाचून व्याकूळ झाली." 'व्याकूळ' या शब्दावर बोट ठेवून मुलाला विचारा, "पाणी नसेल तर गुरांचे काय होईल?" मूल म्हणेल, "ती तळमळतील." अर्थ त्याला सापडला! हा शब्द आता त्याचा स्वतःचा झाला. मात्र त्याला विचार करायला अवधी द्या, आणि उत्तर चुकल्यास हसू नका; "वाक्य पुन्हा वाच, तुझा अर्थ बसतो का पाहा," एवढेच म्हणा.

प्रत्येक वाक्य इतके उदार नसते. "अब्बांनी बाजारातून रताळी आणली" या वाक्यातून रताळी ही विकत मिळणारी वस्तू आहे, एवढेच कळते. अशा वेळी शब्दकोश उघडावा किंवा जाणत्याला विचारावे, हेही मुलाला शिकविले पाहिजे.

धर्मग्रंथाच्या बाबतीत तर ही दक्षता अनिवार्य आहे. रोजासंबंधीच्या आयतीत (२:१८७) पांढऱ्या व काळ्या धाग्याचा उल्लेख आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी खरोखरच दोन दोऱ्या उशाखाली ठेवल्या आणि रात्री त्या निरखून पाहिल्या. सकाळी त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना ही गोष्ट सांगितली. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले, की येथे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड अभिप्रेत आहे. अदी (रजि.) यांची मातृभाषा अरबी होती, तरीही त्यांनी आपल्या तर्कावर विसंबून न राहता विचारून घेतले. तर्क करावा, पण तो पडताळूनही पाहावा, हा धडा आपल्या मुलांनी येथून घ्यावा.

मागचे-पुढचे न पाहता वाचले तर काय घडते, हे सूरह अल्-माऊन (१०७) दाखवून देते. तिची चौथी आयत एकटीच वाचली, तर नमाज अदा करणाऱ्यांनाच धिक्कारले आहे, असा भलताच समज होईल. परंतु पुढच्या आयती सांगतात, की हा इशारा नमाजविषयी बेपर्वा असणाऱ्यांना व केवळ दिखाव्यासाठी ती अदा करणाऱ्यांना आहे. अर्धवट वाक्ये दाखवून लोकांची दिशाभूल करणाऱ्यांची आज वाण नाही. "याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे?" असे विचारण्याची सवय ज्या मुलाला बालपणी लागली, ते सहजासहजी फसणार नाही.

आपली मुले सूरह अल्-माऊन लहानपणीच तोंडपाठ करतात. आज रात्री तिचा मराठी अनुवाद मुलांसमवेत वाचा. कोणता शब्द अडतो ते त्यांनाच सांगू द्या, आणि उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबा.