वाइनच्या द्राक्षाचा आंबटपणा सांभाळा

जानेवारीत दिंडोरी, निफाडकडच्या वाइनच्या बागांत शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यॉ ब्लांक काढणीला येऊ लागतात. शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यॉ त्यांच्या मागून येतात. छाटणी उशिरा झालेल्या बागा मार्चपर्यंत रेंगाळतात. युरोपात याच जाती उन्हाळा सरता सरता उतरतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना केलेली फळछाटणी यांमुळे काढणी थंडीत साधते, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. रात्री गार असतात तोवर मण्यातलं आम्ल टिकतं. फेब्रुवारीअखेर उन्हाचा चटका वाढला की ते झपाट्याने घटतं. अकलूजसारख्या उष्ण भागात तर आणखी सावध राहावं लागतं.

म्हणून थॉम्सनच्या बागेतल्या सवयी इथे नकोत. मणी फुगवायला जीए देऊ नका. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी फुगला की रसाच्या मानाने साल कमी पडते. गोडीसाठी शेवटी पोटॅश सोडण्याचा मोह तर आवराच. डॉगरिज खुंट मुळातच पोटॅश भरपूर उचलतो. ते रसात उतरलं की सामू चढतो, आणि अशा रसाची वाइन रंगाला मंद व टिकायला कच्ची होते. पानदेठ परीक्षण पाहिल्याशिवाय या खताला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नुसता ब्रिक्स मोजून तोडणी ठरवू नका. ओळीच्या दोन्ही अंगांचे, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे शंभरेक मणी घ्या, ठेचून एकत्र रस काढा आणि सामूही तपासा. पांढऱ्या जातींना साधारण 20 ते 22 ब्रिक्स आणि 3.2 ते 3.4 सामू चांगला. लाल जातींना 23 ते 24 ब्रिक्स चालतो, पण सामू 3.6 च्या आत हवा. लाल मण्याची बी तपकिरी झाली का, तेही बघा. शेवटचा आकडा वायनरीशी आधीच बोलून घ्या.

भुरीसाठी गंधकाची फवारणी काढणीच्या बरीच आधी थांबवा. गंधक रसात गेलं तर आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पाणी कमी करा, पण वेल सुकवू नका. तोडणी पहाटे सुरू करून ऊन तापण्याआधी संपवा. कुजके घड बागेतच वेगळे काढा. क्रेट उथळ भरा, सावलीत ठेवा आणि माल त्याच सकाळी वायनरीत पोहोचवा.